मुक्तीची तारीख : छळछावण्या आणि टपालाची तिकिटे

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



तिकिटे जमविणे हा शाळकरी वयातला छंद आणि छळछावणी हा विसाव्या शतकाच्या इतिहासातील सर्वांत भीषण अध्याय; या दोहोंची सांगड घालून एक तासभर बोलणे औचित्याला धरून होईल काय, अशी शंका आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल, तर ती शंका मी अस्थानी मानणार नाही. लक्षावधी माणसांच्या संहाराची आठवण नखाएवढ्या कागदावर छापावी, तिच्या मागे डिंक लावावा, आणि तिच्या तोंडावर शिक्का मारून ती रद्द करावी, यात विटंबनेचा अंश आहे असे म्हणणारे लोक युरोपातही होते. तरीही हा विषय मी निवडला, याचे कारण असे की नाझी राजवटीने माणसांवर जे अत्याचार केले त्यांत टपालखात्याचा स्वतःचा असा एक हिस्सा होता, आणि पुढे त्याच खात्याने, निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या सालांत, स्मरणाची तिकिटे काढून त्या हिशेबाची फेड करण्याचा कमीअधिक प्रामाणिक यत्न केला. तो यत्न कितपत खरा उतरला, याची रुजुवात घालणे एवढाच माझा आजचा हेतू आहे.

प्रथम टपालाच्या मूळ प्रतिज्ञेविषयी दोन शब्द. 1840 साली रोलंड हिल यांच्या योजनेनुसार इंग्लंडात पहिले चिकटते तिकीट निघाले, तेव्हापासून जगभर एक रीत रूढ झाली : पाठविणाराने हशील आगाऊ भरावे, तिकीट ही त्या भरण्याची सरकारी पावती समजावी, आणि पत्र ज्या कचेरीत पडले तिने त्यावर गावाचे नाव आणि तारीख असलेला शिक्का मारावा. हा शिक्का म्हणजे स्थळ आणि काळ या दोन गोष्टींचा सरकारी दाखला होय. कोर्टकचेऱ्यांत लिफाफ्यावरील शिक्क्याला पुराव्याचे मोल मिळाले ते याच कारणाने. कारण पत्राच्या मजकुरात लिहिणारा खोटे बोलू शकतो, परंतु ते पत्र अमुक ठिकाणाहून अमुक दिवशी निघाले या गोष्टीला सरकार स्वतः जामीन राहिलेले असते. स्थळ, काळ आणि ज्याच्या नावे पत्र धाडले त्या माणसाचे नाव, या तीन खुंट्यांवर टपालाचा सारा व्यवहार टांगलेला आहे. छळछावण्यांच्या कारभाराने या तिन्ही खुंट्या कशा उपटल्या, ते आता पाहू.

हिटलर अधिकारावर आल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 22 मार्च 1933 रोजी, म्यूनिकजवळ डाखाऊ येथे छावणी उघडली, आणि पुढल्या बारा वर्षांत तिच्या नमुन्यावर छावण्यांचे जाळे उभे राहिले. या छावण्यांतून कैद्यांची पत्रे बाहेर जात असत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्यासाठी छापील पत्रकागद मिळे, आणि त्याच्या माथ्यावर छावणीच्या नियमांचा उतारा छापलेला असे. तो उतारा निवांतपणे वाचण्याजोगा आहे. कैद्याने महिन्यातून दोन पत्रे किंवा दोन कार्डे पाठवावीत व तितकीच घ्यावीत. त्याला येणारे पत्र शाईने, सुवाच्य लिहिलेले असावे. एका पानावर पंधराच ओळी असाव्यात, कार्डावर दहा. पाकिटाला आतून अस्तर नसावे. पत्रासोबत बारा फेनिगची पाचच तिकिटे घालण्यास हरकत नाही, बाकी सर्व वस्तू मना आहेत. पार्सल पाठवू नये, कारण कैद्यांना छावणीत सर्व काही विकत मिळते. आणि सुटकेसाठी छावणीच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा काही उपयोग नाही. उपासमारीने माणसे मरत होती त्या ठिकाणाहून, तिथे सर्व काही विकत मिळते असे छापील वचन घेऊन, हे कागद घरोघर जात होते. पुढे 1942च्या अखेरीस, युद्धाच्या कारखान्यांना कैद्यांचे श्रम हवेसे वाटू लागल्यावर, अन्नाच्या पार्सलांवरील ही बंदी उठविण्यात आली. खालचा मजकूर जर्मन भाषेतच लिहावा लागे, सेन्सॉरच्या हाताखालून जाई, आणि माझी प्रकृती उत्तम आहे हे वाक्य त्यात बहुधा असेच. पाकिटावर बारा फेनिगचे तांबडे तिकीट लावलेले असे. त्यावर आरंभी हिंडेनबुर्ग यांचा मुखवटा होता आणि 1941 पासून हिटलरचा. संग्राहकांच्या हाती आज ही पाकिटे येतात, तेव्हा ज्याने कैद केले त्याचीच छबी कैद्याने आपल्या पैशाने विकत घेऊन कुशलवार्तेवर डकवली होती, ही गोष्ट ध्यानी येते आणि मन सुन्न होते.

तथापि एवढीही सवलत ज्यांना नव्हती त्यांच्या वाट्याला टपालाचे याहून भयंकर रूप आले. 1944च्या वसंतात हंगेरीतील ज्यू लोकांच्या गाड्या आउश्वित्झला पोहोचल्या, तेव्हा त्यांतील पुष्कळांकडून घरी कार्डे लिहवून घेण्यात आली. आम्ही सुखरूप आहोत, काम करीत आहोत, असा त्यांत मजकूर होता आणि वर गावाचे नाव होते 'वाल्डझे'. ते नाव ऐकून डोळ्यांसमोर वनराजी आणि सरोवर असलेले एखादे निवांत खेडे उभे राहावे अशी योजना होती; वस्तुतः ती कार्डे आउश्वित्झच्याच बिर्केनाऊ विभागातील वायुगृहांच्या सावलीत लिहिली गेली होती. त्याच वर्षी मार्च महिन्यात, तेरेझीनहून आणून बिर्केनाऊच्या तथाकथित 'कुटुंब-छावणी'त सहा महिने ठेवलेल्या ज्यू स्त्री-पुरुष-बालकांना कार्डे लिहावयास लावली, आणि त्यांवर काही आठवडे पुढची तारीख घालण्याचा हुकूम दिला. मार्चच्या 8 तारखेच्या रात्री त्यांतील सुमारे 3,800 जणांना मारण्यात आले. कार्डे ठरल्याप्रमाणे नंतर रवाना झाली. ज्यांनी ती लिहिली ती माणसे कार्डावरील तारीख उजाडण्यापूर्वीच राख झालेली होती. टपालाच्या प्रतिज्ञेतील स्थळ खोटे, काळ खोटा, आणि नावाच्या धन्याचा प्राण आधीच गेलेला, असा हा व्यवहार होता.

तेरेझीनची कथा आणखी एका अंगाने येथे लागू पडते. बोहेमियातील या तटबंदीच्या गावात सुमारे 1,40,000 ज्यू आणून कोंडले गेले. त्यांतील सुमारे 33,000 तेथेच मेले आणि जवळजवळ 90,000 पूर्वेकडील मृत्युछावण्यांत धाडले गेले. या कोंडवाड्यातील आप्ताला पार्सल पाठवावयाचे तर बाहेरच्या नातेवाइकाला एक विशिष्ट परवाना-तिकीट मिळवून ते पार्सलावर लावावे लागे. हे तिकीट जुलै 1943 मध्ये निघाले. त्याचा रंग हिरवा आहे, आणि त्यावर वृक्षांनी वेढलेल्या एका शांत प्रदेशाचे नाजूक, कोरीव चित्र आहे. कारागिरी म्हणून पाहिले तर या तिकिटात खोड काढता येत नाही. पुढे 23 जून 1944 रोजी रेडक्रॉसच्या प्रतिनिधींना दाखविण्यासाठी हे गाव रंगवून, सजवून उभे केले गेले. त्या देखाव्याचा पहिला मसुदा जणू या तिकिटावरच वर्षभर आधी छापून ठेवलेला होता.

साखसेनहाउसेन छावणीत तर कैद्यांच्या हातून तिकिटेच घडविली गेली. बनावट ब्रिटिश नोटा छापण्यासाठी तेथे कैदी कारागिरांचा एक स्वतंत्र ताफा बसविला होता, हे आता सर्वश्रुत आहे. त्याच कामाच्या जोडीने ब्रिटिश तिकिटांची प्रचारकी विडंबनेही तयार झाली. 1937च्या राज्याभिषेकाच्या तिकिटावर राजाशेजारी राणीची जागा स्टालिनला देऊन, तेहरान-परिषदेची 28 नोव्हेंबर 1943 ही तारीख त्यावर घातलेली आढळते. ज्यांना स्वतःचे नाव सोडून नंबर दिला होता त्या माणसांकडून दुसऱ्या राष्ट्राच्या राजमुद्रेची टवाळी करवून घेतली, हा त्या राजवटीच्या अनेक विकृतींपैकी एक लहानसा नमुना.

ही पूर्वपीठिका ध्यानात घेतली म्हणजे मुक्तीच्या तिकिटांकडे कोणत्या दृष्टीने पाहावयाचे ते स्पष्ट होते. ज्या खात्याने खोटे स्थळ आणि खोटी तारीख पोहोचविली, त्या खात्याच्या नव्या तिकिटावर खरे स्थळ, खरी तारीख आणि खरे नाव आले आहे काय, हीच त्यांची कसोटी. तारखा तर उपलब्ध होत्याच : लाल सैन्य जुलै 1944 मध्ये लुब्लिनजवळच्या माइदानेकला आणि 27 जानेवारी 1945 रोजी आउश्वित्झला पोहोचले, अमेरिकन सैन्य 11 एप्रिलला बुखेनवाल्डला, 29 एप्रिलला डाखाऊला आणि 5 मेला माउटहाउसेनला, ब्रिटिश सैन्य 15 एप्रिलला बेर्गेन-बेल्सेनला. परंतु मुक्ती हा शब्द या प्रत्येक ठिकाणी एकाच अर्थाने घेता येत नाही. आउश्वित्झमध्ये सैनिकांना सुमारे 7,000 माणसे जिवंत सापडली, कारण त्याआधी दहा दिवस हजारो कैद्यांना बर्फातून पश्चिमेकडे पायी हाकलून नेले होते. बेल्सेनमध्ये सुमारे 60,000 माणसे होती, आणि त्यांतील तेरा-चौदा हजार फाटक उघडल्यानंतरच्या आठवड्यांत ज्वराने आणि उपासाच्या परिणामाने दगावली. तिकिटावर एक तारीख छापता येते. तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे मरण छापता येत नाही.

युद्ध संपल्यानंतर लगेच निघालेल्या तिकिटांत क्रोध पुष्कळ आणि विवेक थोडा आहे, आणि त्यात नवल नाही. पोलंडने 1946 साली काढलेल्या तिकिटावर माइदानेकच्या छावणीवर विषारी वायू पसरविणारा मृत्यूच साक्षात दाखविला आहे. स्थळ खरे आहे, पण तेथे मेलेल्यांत बहुसंख्य ज्यू होते हे चित्रावरून कळण्याला मार्ग नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात ऑस्ट्रियात, व्हिएन्ना येथे 'कधीही विसरू नका' या नावाचे एक मोठे फॅसिझमविरोधी प्रदर्शन भरले, आणि त्यानिमित्त आठ तिकिटांची मालिका अधिभारासह विक्रीस आली. नाझी चिन्हे झाडून काढणारा झाडू, ज्वाळांत सापडलेले सेंट स्टीफनचे मंदिर, सापाचा गळा आवळणारी मूठ, आणि बारा ग्रोशेनच्या तिकिटावर काटेरी तार व एक हात, अशी त्यांची चित्रे आहेत. आणखी दोन तिकिटे छापून तयार होती. एकावर नाझी एसएसच्या चिन्हाची वीज ऑस्ट्रियावर कोसळताना दाखविली होती आणि दुसऱ्यावर हिटलरचा मृत्युमुखवटा होता. दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांच्या हरकतीमुळे ही दोन विक्रीला आली नाहीत, आणि म्हणूनच आज संग्राहक त्यांच्यासाठी धावतात. मला मात्र या मालिकेतील जे तिकीट रीतसर मंजूर झाले तेच अधिक बोलके वाटते. पाच ग्रोशेनच्या तिकिटावर ऑस्ट्रियाचा नकाशा आहे आणि त्यात नाझी खंजीर खुपसलेला आहे. 1943च्या मॉस्को-जाहीरनाम्यात दोस्तांनी ऑस्ट्रियाला हिटलरचा पहिला बळी म्हटले होते. त्या वचनाला या तिकिटाने सरकारी मोहोर लावली. 15 मार्च 1938 रोजी व्हिएन्नाच्या हेल्डेनप्लाट्झवर हिटलरच्या स्वागताला जमलेला अफाट समुदाय या नकाशात कोठेही मावला नाही. पंतप्रधान फ्रान्झ व्रानित्स्की यांनी आपल्या देशबांधवांच्या सहभागाची कबुली संसदेत दिली ती 1991 साली. म्हणजे तिकिटावरील खंजीर आणि ती कबुली यांत पंचेचाळीस वर्षांचे अंतर पडले.

फ्रान्सचे वर्तन अधिक संयत, पण तितकेच विचार करावयास लावणारे आहे. छावण्यांच्या मुक्तीला दहा वर्षे झाली तेव्हा 1955 साली त्याने तिकीट काढले, 1956 साली आल्सासमधील श्ट्रूटहोफच्या स्मारकाचे काढले, 1965 साली हद्दपारांच्या परतीचे आणि 1970 साली मुक्तीच्या पंचविसाव्या वर्षाचे. एवढी नियमित उजळणी फार थोड्या राष्ट्रांनी केली असेल. परंतु या तिकिटांचा नायक 'हद्दपार झालेला फ्रेंच माणूस' हा एकच आहे, आणि त्या एका नावाखाली शत्रूशी लढताना पकडलेला देशभक्त आणि केवळ ज्यू म्हणून घरातून उचलून नेलेले मूल, हे दोघेही झाकले जातात. फ्रान्समधून सुमारे 76,000 ज्यू पूर्वेकडे धाडले गेले आणि त्यांतील सुमारे अडीच हजार परत आले. त्यांतील बहुतेकांचा मार्ग पॅरिसजवळच्या द्रांसी छावणीतून गेला, आणि त्या छावणीच्या पहाऱ्यावर फ्रेंच पोलीस होते. श्ट्रूटहोफ ही जर्मनांनी चालविलेली छावणी. तिचे चित्र छापताना राष्ट्राला मान खाली घालावी लागत नव्हती. द्रांसीसाठी तशी तयारी होण्याला 16 जुलै 1995 रोजीचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांचे भाषण यावे लागले.

पूर्व जर्मनीची तिकिटे या साऱ्या प्रकरणात सर्वांत विपुल आणि सर्वांत हेतुपुरस्सर आहेत. बुखेनवाल्ड, राव्हेन्सब्रूक आणि साखसेनहाउसेन या तीन छावण्या त्या देशाच्या हद्दीत होत्या, आणि तेथे भव्य स्मारके उभारण्याचा संकल्प सरकारने केला तेव्हा त्याचा खर्च अंशतः तिकिटांवर टाकला. 1956च्या बुखेनवाल्ड-तिकिटावरील आकडे पाहण्यासारखे आहेत : हशील वीस फेनिग आणि स्मारकनिधीचा अधिभार ऐंशी फेनिग. पत्र पोहोचविण्याला जेवढा दाम, त्याच्या चौपट दाम आठवण पोहोचविण्याला. 14 सप्टेंबर 1958 रोजी फ्रिट्झ क्रेमर यांच्या शिल्पसमूहासह ते स्मारक उघडले, तेव्हा त्याच तिकिटावर ती तारीख काळ्या अक्षरांत वरून छापून ते पुन्हा विक्रीला ठेवले. 1957 पासून मारल्या गेलेल्या फॅसिस्टविरोधकांच्या मुखचित्रांच्या मालिका अधिभारासह निघू लागल्या; 1959च्या मालिकेत राव्हेन्सब्रूकच्या स्त्रिया आल्या, आणि त्यांत ओल्गा बेनारिओ-प्रेस्तेस यांचे चित्र आहे. नावे आली, चेहरे आले, हे या मालिकांचे मोठे श्रेय. कुठल्याही अमूर्त काटेरी तारेपेक्षा एक चेहरा अधिक बोलतो. परंतु निवड कोणत्या निकषावर झाली ते लपत नाही. या चित्रांत कम्युनिस्टांचे प्राबल्य आहे, आणि ओल्गा बेनारिओ या ज्यू घराण्यात जन्मल्या होत्या ही गोष्ट त्यांच्या पक्षनिष्ठेमागे दडली. 1963 साली ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांच्या विध्वंसाला पंचवीस वर्षे झाल्याचे एक तिकीट त्या देशाने काढले, याची नोंद न्यायाने केली पाहिजे. परंतु बुखेनवाल्डच्याच कुंपणात 1945 ते 1950 या मुदतीत सोव्हिएत अंमलाखाली दुसरी छावणी चालली, तीत सुमारे 28,000 माणसे कोंडली गेली आणि 7,000हून अधिक मेली, याविषयी त्या स्मारकावर किंवा त्याच्या तिकिटांवर अक्षर नव्हते. ऐंशी फेनिग मोजून विकत घेतलेले स्मरणही अर्धे असू शकते.

पश्चिम जर्मनीने सुरुवात केली ती हिटलरविरोधी प्रतिकारातील वीरांपासून. 1964 साली निघालेल्या आठ चित्रांत श्टाउफेनबेर्ग आहे, सोफी शोल आहे, आणि फ्लोसेनबुर्ग छावणीत 9 एप्रिल 1945 रोजी फासावर गेलेले धर्मोपदेशक डीट्रिख बोनहोफर आहेत. तेथे अमेरिकन सैन्य पोहोचायला तेव्हा अवघे चौदा दिवस उरले होते. प्रतिकार करणाऱ्यांची आठवण राष्ट्राला उभारी देते, म्हणून ती आधी आली. ज्यांना प्रतिकाराची संधीही मिळाली नाही त्यांची आठवण राष्ट्राला जाब विचारते, म्हणून ती उशिरा आली. 1979 साली आन फ्रांक हिच्या पन्नासाव्या जन्मवर्षाचे साठ फेनिगचे तिकीट निघाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत ज्यूसंहारावरील एक अमेरिकन दूरदर्शन-मालिका घरोघर पाहिली जाऊन मोठी खळबळ उडाली होती, आणि जुलै महिन्यात संसदेने खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचा कायदा लागू न करण्याचा ठराव केला. ही तिन्ही एकाच वर्षाची अपत्ये आहेत. जर्मनी एक झाल्यावर, 1995 साली, छावण्यांतील बंद्यांच्या मुक्तीचे पन्नासावे वर्ष म्हणून एक मार्काचे तिकीट निघाले; त्यात प्रथमच सरकारने वीरांचा आडोसा न घेता मुक्तीलाच विषय केले.

या व्यवहारात आपला, म्हणजे या भूमीचा, एक धागा आहे. डाखाऊला 13 सप्टेंबर 1944 रोजी ब्रिटिश गुप्तदलातील ज्या चार स्त्रियांना ठार मारण्यात आले त्यांत नूर इनायत खान होती. तिचे वडील हजरत इनायत खान हे बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांना महाराज सयाजीराव गायकवाडांचा आश्रय होता आणि बडोद्याच्या गायनशाळेची स्थापना त्यांच्याच हातची. वीणावादनाच्या घराण्यातली ही मुलगी पॅरिसमध्ये मुलांसाठी जातककथा लिहीत होती, आणि युद्धात बिनतारी संदेश पाठविणारी बनली. शत्रूच्या हाती सापडल्यावर तिने आपल्या सहकाऱ्यांची नावे दिली नाहीत. इंग्लंडच्या टपालखात्याने 2014 साली तिचे तिकीट काढले. या एका तिकिटात माझ्या कसोटीच्या दोन खुंट्या पक्क्या बसल्या आहेत : चेहरा तिचा आहे आणि नाव तिचे आहे.

आता शेवटचा आणि मला सर्वांत बिकट वाटणारा मुद्दा. 18 जुलै 1942 रोजी वॉर्साच्या कोंडवाड्यात यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातील मुलांनी रवीन्द्रनाथांचे 'डाकघर' हे नाटक केले. राजाचे पत्र येईल म्हणून खिडकीशी वाट पाहणाऱ्या आजारी मुलाचे ते नाटक. चार दिवसांनी हद्दपारी सुरू झाली, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक आपल्या मुलांसह ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढले. ट्रेब्लिंकाला आठ-नऊ लक्ष माणसे मारली गेली. पण ट्रेब्लिंकाला मुक्तीची तारीख नाही. 1943 साली नाझींनी स्वतःच ती छावणी मोडली, जमीन नांगरली आणि तेथे एक शेतकरी बसविला. बेल्झेच आणि सोबिबोर यांचीही तीच गत झाली. सैन्ये पोहोचली तेव्हा सोडविण्याजोगा कोणी उरलेला नव्हता. तेव्हा मुक्तीच्या वर्धापनदिनांवर चालणारी ही तिकिटांची दिनदर्शिका, तिची रचना कितीही प्रामाणिक असली तरी, ज्या ठिकाणी संहार पूर्ण झाला त्या ठिकाणांना आपोआप गाळते. कारण तिच्यात जागा मिळण्याची पहिली अट अशी की कुणीतरी वाचलेले असावे. ही उणीव भरून काढली ती मुक्तीच्या तिकिटांनी नव्हे, तर माणसांच्या तिकिटांनी. पोलंडने आणि इस्रायलने 1962 साली आणि पश्चिम जर्मनीने 1978 साली कोर्चाक यांची तिकिटे काढली, त्यामुळे ज्या गाडीला परतीची तारीख नव्हती तिच्यातील एका माणसाला तरी टपालात पुन्हा नाव मिळाले.

म्हणून, श्रोतेहो, आपल्यापैकी जे संग्राहक असतील त्यांना माझी एक सूचना आहे. ही तिकिटे देशवार लावण्याची रूढ पद्धत सोडून ती सालवार लावावीत. तसे केले म्हणजे 1946चा खंजीर, 1955चा हद्दपार, 1956चे ऐंशी फेनिग, 1979ची मुलगी आणि 1995चे मुक्तीचे तिकीट एका ओळीत येतात, आणि कोणत्या राष्ट्राला सत्याच्या किती जवळ जाण्याला किती वर्षे लागली, याचा हिशेब आपोआप मांडला जातो. त्या ओळीतील रिकाम्या जागाही तिकिटांइतक्याच लक्षपूर्वक पाहिल्या पाहिजेत. सरकारी स्मरण हे नेहमी मंजुरीने चालते, आणि मंजुरी देणाराला स्वतःची सोय पाहावी लागते. म्हणून ते स्मरण त्याज्य ठरत नाही, पण त्याची तपासणी करण्याचे काम मात्र नागरिकाकडे उरते. एखादे राष्ट्र आपल्या पापाचे तिकीट छापते तेव्हा त्याची प्रशंसा जरूर करावी, परंतु त्यावर स्थळ कोणाचे आहे, तारीख कोणती आहे आणि नाव कोणाचे गाळले आहे, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून ते वहीत चिकटवू नये.